सर्व्हिस मोटारींचे कागद रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी १ जूनला एस.टी.ची आठवण निघते. १९४८ साली त्या दिवशी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, हे खरंच आहे. पण त्याच ओघात ‘तेव्हा कुठे खेड्यापाड्यांत मोटार आली’ असंही म्हटलं जातं, आणि आपल्या सीमाभागापुरतं तरी ते चूक आहे. इथे त्याआधीपासून सर्व्हिस मोटारी, म्हणजे खासगी मालकांच्या प्रवासी गाड्या, धावत होत्या. एक मालक, एक-दोन गाड्या, ड्रायव्हर आणि किन्नर (क्लीनर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस), एवढीच ती कंपनी. निपाणीला रेल्वे नव्हती. बेळगावहून कोल्हापूरला रेल्वेने जायचं तर मिरजेचा वळसा. आंबोली घाटातून सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे उतरायला रूळच नव्हते. या वाटांवर माणसं आणि माल या मोटारींनी वाहिला.

लॉरीची पेट्रोल चासी (इंजिन आणि चाकांसकट खालचा लोखंडी साठा), तिच्यावर लाकडी सांगाड्याची पत्र्याची बॉडी, बाजूंना कापडी पडदे, सामान टपावर. घाटात रेडिएटर उकळे, म्हणून पाण्याचा डबा कायम सोबत. महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं तेव्हा गाड्यांना कोळशाचे गॅसप्लांट, म्हणजे कोळसा जाळून इंजिनासाठी गॅस तयार करणाऱ्या भट्ट्या, बसले. निघण्याआधी भट्टी पेटवून पंख्याचं हँडल फिरवत बसायचं, धड गॅस आल्याशिवाय इंजिन धरत नसे. पेट्रोलच्या मानाने ताकद मुळातच कमी. त्यात कोळसा नीट भाजलेला नसला की डांबर सुटून गाळण्या आणि व्हॉल्व्ह चिकटत. जुन्या हिशेबवहीत कोळसा, गाळणीचं कापड, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग असे खर्च लागोपाठ दिसले तर ते पान बहुधा १९४२ ते ४५ मधलं असतं.

या कंपन्यांचा इतिहास हाती लागत नाही, याचं कारण त्यांचे कागद विखुरले. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. काल एकाच जिल्ह्यात असलेला बेळगाव-चंदगड रस्ता आज दोन राज्यांचा झाला. पुढे १९६० ला महाराष्ट्र, १९६१ ला म्हैसूरचं परिवहन महामंडळ, १९९७ ला हुबळीचं वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ. एकाच मालकाचा परवाना एका दप्तरात, त्यावरची प्रतिस्वाक्षरी (दुसऱ्या हद्दीत गाडी चालवायला तिथल्या अधिकाऱ्याची मान्यता) दुसऱ्या. म्हणून घरच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक हाच सर्वांत भरवशाचा पुरावा उरतो.

त्यात सर्वांत मोलाचा कागद परवान्याचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली तो ३ ते ५ वर्षांसाठी मिळे, त्यामुळे मुदतीची तारीख मिळाली की काळ ठरतो. पाठची बाजू जरूर पाहा. दुसऱ्या विभागाची प्रतिस्वाक्षरी आणि हस्तांतराचे शेरे बऱ्याचदा तिथेच सापडतात. मालक वारला तर वारसाने ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिने त्याच परवान्यावर गाडी चालवायची मुभा होती. तेवढ्यात परवाना नावावर करून घ्यावा लागे. म्हणून गाडीवरचं नाव बदललं की कंपनी नवी, असं धरू नये. पुष्कळदा घर तेच असतं, पिढी बदललेली असते.

कंपन्या बंद कशा झाल्या, हे राजपत्रांत शोधावं. त्याच कायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीनंतर मार्ग सरकारकडे घेण्याच्या योजना राजपत्रात छापून येत. परवाना मुदतीआधी रद्द झाला तर भरपाई उरलेल्या दर पूर्ण महिन्याला २०० रुपये, निदान ४०० रुपये. ही भरपाई फक्त परवान्याची, गाडीची नव्हे. नूतनीकरण नाकारलं तर तीही नाही. आयुष्यभर जमवलेला मार्ग एवढ्या रकमेत गेला, हे वाचून वाईट वाटतं आणि ते नोंदलं जायला हवं.

फोटोवरून साल ठरवताना नंबरप्लेट उपयोगी पडते. बीएम किंवा बीवाय म्हणजे मुंबई राज्य, एमवाय म्हणजे म्हैसूर, केए-२२ म्हणजे कर्नाटकातलं बेळगाव, अगदी अलीकडचं. मात्र गाडी राज्य बदलून गेली की नंबर नवा मिळतो, म्हणून एकच गाडी दोनदा मोजली जाते. इंजिन नंबरावरही विसंबू नका, कारण पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवलेल्या गाड्या पुष्कळ होत्या. आरसी बुकातला चासी नंबर जुळवावा.

हे कागद लॅमिनेट करू नका, उष्णतेने शाई उडते आणि प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको. टाचण्या आणि क्लिपा काढा, त्यांचा गंज कागद खातो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पावसाळ्यात ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नका, कसर आणि वाळवी तिथूनच शिरते. कागद साध्या लिफाफ्यात घाला. मार्ग, कोणाच्या घरचा कागद आणि गाडीचा नंबर लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहा, आणि ते कागद आत घालण्याआधी लिहा, नाहीतर अक्षरांचे वळ आतल्या परवान्यावर उमटतात.

सर्व्हिस मोटारींच्या जुन्या कागदांवर काम करणारे काही वाचक, बेळगाव