आधी अर्ज, मग फोटो

महापे-रबाळे पट्ट्यातील अनेक लघुउद्योजक नव्या म्युझिक प्लेअरचे किंवा स्पीकरचे फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि नक्कल बाजारात आल्यावर डिझाइन-नोंदणीकडे वळतात. तोवर हक्क गेलेला असतो! डिझाइन कायदा, 2000 नुसार अर्जापूर्वी प्रसिद्ध झालेले डिझाइन नवे मानत नाहीत. साचा बनवणाऱ्याला फाइल देतानाही गोपनीयतेचा करार करावा. गळती बहुधा तिथूनच होते. अर्जात समोर, मागे, वर, खाली, दोन्ही बाजू आणि तिरके अशी सातही दृश्ये द्यावीत.

संरक्षण 10 वर्षे, पुढे आणखी 5. पण ते फक्त रूपाला, म्हणजे बटणांची ठेवण, कडांची गोलाई, जाळीची नक्षी यांना. आतले तंत्र त्यात येत नाही, त्यासाठी पेटंट लागते. 2006 मध्ये म्युझिक प्लेअर बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीने अ‍ॅपलवर दावा केला तो आयपॉडच्या दिसण्यावरून नव्हे, तर गाणी शोधण्याच्या मेनूच्या पेटंटवरून. अ‍ॅपलला 10 कोटी डॉलर मोजावे लागले.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील उद्योजक संघटनांनी अर्ज भरण्यासाठी मदतकक्ष तातडीने सुरू करावेत.

— एक उत्पादन डिझायनर, महापे, नवी मुंबई