उघडत नाही म्हणून डिस्क मेली नाही

संपादक महोदय,

डिस्क उघडेनाशी झाली की ती थेट दुकानात द्यावी, असा सल्ला आपल्या रविवारच्या संगणक सदरात वाचला. आम्ही तो आधीच पाळून बसलो होतो, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि वाचनालयातल्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. डिस्क शाबूत होती. तिच्यात १४ हजार पुस्तकांची यादी. तालुक्याच्या दुकानदाराने ती आपल्या विंडोजला जोडली. पडद्यावर 'फॉरमॅट करायची का?' आले आणि हा गृहस्थ 'हो' दाबायला निघाला! मी त्याचा हात धरला. अहो, आमचा संगणक विंडोजवर नाही, लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर चालायचा. विंडोजला ती मांडणी कळत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ.

परत आणून बालविभागातल्या संगणकाला जोडली. तोही लिनक्सच, तरी माउंट होईना, म्हणजे फाइली पाहण्यासाठी जोडली जाईना: 'अननोन फाइलसिस्टम टाइप एलव्हीएम२ मेंबर'. हा भाग थेट नाही, एका गटामार्फत उघडतो, असा त्याचा अर्थ. पुण्याच्या भाच्याने फोनवर कोडे सोडवले. दोन्ही यंत्रांवर सेंटओएस ७ हे लिनक्स एकाच डीव्हीडीवरून, डोळे झाकून 'पुढे, पुढे' करत घातलेले. त्यामुळे दोन्ही डिस्कवरच्या व्हॉल्यूम ग्रुपचे, म्हणजे त्या गटाचे, नाव एकच, 'सेंटओएस'. एका वाड्यात दोन बाळू. हाक मारली तर ओ कोणी द्यायची? आधी डीडीरेस्क्यू या प्रत काढायच्या आज्ञेने अख्ख्या डिस्कची प्रत काढून कपाटात ठेवली. ती प्रत जोडलेली राहिली असती तर एकाच यूयूआयडीच्या (ओळख क्रमांकाच्या) दोन डिस्क होऊन आणखी घोळ झाला असता. मग जुन्या ग्रुपला त्याच्या लांबलचक यूयूआयडीवरून हेरून व्हीजीरिनेम या आज्ञेने नवे नाव दिले, व्हीजीचेंज या आज्ञेने जागे केले आणि होम विभाग, म्हणजे आमच्या फाइलींचा भाग, फक्त वाचण्यापुरता माउंट केला.

तरी 'परमिशन डिनाइड'! फाइलवर मालकाचे नाव नसते, नुसता आकडा असतो. जुन्या यंत्रावर १००१ म्हणजे मी, इथे १००१ म्हणजे बालविभागाच्या ताई. माझीच यादी मला उघडेना, त्यांच्या लॉगिनने मात्र चटकन उघडली. दिवसभर हसत होत्या. शेवटी रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या लॉगिनने, फाइल या यंत्रावर उतरवून मालकी बदलली.

फॉरमॅटला हात घालण्याआधी 'ही कुठल्या यंत्रातली?' एवढे दुकानदाराने विचारावे, आणि आपल्या सदरातही ते यावे. वीज पडली त्या दुपारच्या नऊ देवघेवींच्या नोंदी मात्र मिळाल्या नाहीत. ती पुस्तके ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी कृपया आणून द्यावीत.

– एक ग्रंथपाल, ता. वाळवा, जि. सांगली