पागेच्या भिंतीला लागून फुटणाऱ्या माळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आलेत म्हणून घोड्यांच्या पागेजवळ वाजणाऱ्या फटाक्यांबद्दल आणि डीजेबद्दल हे पत्र लिहायला घेतलं. मंडळांच्या विरोधात अजिबात नाहीये हे आधीच सांगतो, मी स्वतः लहानपणापासून आमच्या गल्लीत पावत्या फाडत फिरलोय. पण मी पुण्याच्या रेसकोर्सवर एका छोट्या पागेत कामाला आहे, वडीलही तिथेच सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, आणि आमचा सीझन नेमका पावसाळ्यात. जुलैच्या आसपास सुरू होतो, दिवाळीच्या आगेमागे संपतो, मग घोडे ट्रकमधून मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सला जातात. म्हणजे दहीहंडी, गणपती, नवरात्र सगळं घोडे इथे असतानाच येतं.

आमच्याकडे चौदा घोडे. पाच-सहाशे घोड्यांच्या रेसकोर्सात चौदा म्हणजे काहीच नाही, पण माणसं कमी असल्यामुळे प्रत्येक घोड्याच्या सवयी सगळ्यांना पाठ असतात. पहाटे चारला दिवस सुरू होतो आणि पहिलं काम म्हणजे रात्रीची गव्हाण बघायची, कुणी दाणा शिल्लक ठेवलाय का. शिल्लक असेल तर काहीतरी बिघडलंय. मग सईस उकिडवा बसून पुढच्या पायांची मागची शीर गुडघ्यापासून खाली बोटांनी चाचपत येतो, एक पाय, मग दुसरा, डोळे जवळजवळ मिटलेले असतात कारण बघायचं काही नसतंच, हाताला लागतं ते. एका जागी जरा जरी गरम लागलं तरी त्या दिवशी घोडा ट्रॅकवर जात नाही. सोमवारी नुसतं चालवणं, मंगळवार-बुधवार कँटर म्हणजे मध्यम वेगाची दौड, गुरुवारी फास्ट काम म्हणजे शेवटचे सहाशे मीटर साधारण चाळीस सेकंदात, शुक्रवारी हलकं, आणि शनिवार-रविवार रेस. मधे नालबंद येतो, रेसच्या आधी लोखंडी नाल काढून अॅल्युमिनियमचे हलके नाल मारतो. पावसाळ्यात खूर ओले राहून सडायला लागतात म्हणून रोज दोनदा साफ करून कोरडे करायचे, आणि खाली टाकलेलं गवत तर पावसाने कधी सुकतच नाही, त्याच्यामागे एक माणूस पूर्ण वेळ जातो.

चौदाशे मीटरची रेस दीड मिनिटाच्या आत संपते. त्याच्यासाठी हा अख्खा आठवडा असतो.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. शुक्रवारची रात्र होती, रविवारी आमच्या तीन वर्षांच्या घोडीची रेस. बारा वाजता पागेच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत कुणाचा तरी वाढदिवस होता, केक रस्त्यावर, आणि फटाक्यांच्या माळा लावल्या, दहा-बारा मिनिटं चाललं असेल. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशेला फिरतात आणि आपल्याला येत नाहीत ते आवाजही त्याला येतात, त्यात दगडी भिंत आणि वर पत्रा, पळायला जागा नाही. मी पोचलो तेव्हा ती घामाने निथळत होती, खोलीत गोल गोल फिरत होती. एक वाजता शांत झाली असं वाटलं. अडीचला पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, सारखं मान वळवून पोटाकडे बघायला लागली, म्हणजे पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात जे अडकतं ते अडकतंच आणि त्यात जीवही जातो. डॉक्टर आले, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, सईस काका पहाटेपर्यंत तिला धरून अंगणात चालवत होते. ती वाचली. पण इंजेक्शन दिल्यावर डोप टेस्टमुळे पळवता येत नाही, नाव मागे घ्यावं लागलं. जिंकली असती तर बक्षिसातून काकांच्या हाताला काहीतरी लागलं असतं, मुलीच्या फीसाठी त्यांनी ते मनात धरलेलं होतं. शनिवारी सकाळी त्यांनी पॉलिश करून खिळ्याला लावलेला लगाम काढून परत पेटीत ठेवला आणि दुसऱ्या घोड्याला खरारा करायला गेले.

कुणी म्हणेल श्रीमंतांचा शौक आहे, त्यांचं ते बघतील. मालक श्रीमंत असतात हे खरंच आहे. पण रात्री त्या खोलीत घाबरून उभा असतो तो घोडा आणि त्याच्या गळ्याला धरून उभा असतो तो महिन्याच्या पगारावरचा माणूस.

कायदा मला माहितीये. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सणाचे काही दिवस बारापर्यंत सूट. शांतता क्षेत्र म्हणजे दवाखाने, शाळा, कोर्ट यांच्या भोवतीचा सरकारने जाहीर केलेला किमान शंभर मीटरचा भाग, पागा त्यात येत नाही आणि आणावी असं मी म्हणत पण नाही. माझं म्हणणं एवढंच की वानवडी, घोरपडी, कॅम्प या बाजूच्या मंडळांनी आणि वाढदिवस करणाऱ्या पोरांनी माळ लावायची तर भिंतीपासून लांब मैदानात लावावी, आणि मिरवणूक पागेच्या बाजूने जाणार असेल तर संध्याकाळपर्यंत गेटवर येऊन एकदा सांगून जावं. आम्हाला वेळ कळली की आम्ही घोड्यांच्या कानात कापूस घालतो, पुढ्यात भरपूर गवत टाकतो म्हणजे तोंड चालू राहतं, आणि प्रत्येक दोन-तीन खोल्यांमागे एक ओळखीचा माणूस बसवतो. त्याने खूप फरक पडतो.

हे होऊ शकतं म्हणूनच लिहितोय. गेल्या विसर्जनाला एका मंडळाची चार पोरं दुपारीच येऊन सांगून गेली आणि रात्री आमची भिंत संपेपर्यंत त्यांनी डीजे बंद ठेवला, फक्त टाळ वाजवत गेले. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं आणि भीती असेल तर तो आडवा होत नाही. त्या पहाटे चार वाजता मी बॅटरी घेऊन सगळ्या खोल्या बघितल्या, चौदापैकी नऊ घोडे आडवे झोपले होते, ती घोडी पण.

– एक वाचक, पुणे कॅम्प