पेट्युनियाची बाजू

प्रिय मनू,

हॉस्टेलवर सामान लावून झालं, हे आईकडून कळलं. निघायच्या आदल्या रात्री तू हॅरी पॉटरच्या पेट्युनिया मावशीला राक्षसीण म्हणालीस, मी तिची बाजू घेतली आणि तू ताटावरून उठलीस. तो वाद डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. ताईचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

तुझा प्रश्न रास्त होता. नको होता तर हॅरीला दुसरीकडे द्यायचं, जिन्याखालच्या कपाटात कशाला ठेवायचं? तिच्या नवऱ्याचं, व्हर्ननचं, सोपं आहे. तो भित्रा. शेजारी काय म्हणतील यावर त्याचा संसार उभा. पोराला दाबत राहिलं की जादू जिरेल, असं त्याला खरंच वाटतं. पेट्युनियाला जादू काय असते ते पक्कं माहीत आहे. १९९७च्या पहिल्याच पुस्तकात ती फणकारते, की घरात जादूगारीण निपजली म्हणून आईबाबांना कोण कौतुक! आपण तो तिचा दुष्टपणा समजून पान उलटतो. मग २००७च्या शेवटच्या पुस्तकात कळतं, की लहानपणी तिने जादूच्या शाळेच्या मुख्याध्यापकाला, डंबलडोरला, पत्र लिहिलं होतं, मलाही घ्या म्हणून. नकार आला, तोही मायेने. आपल्याला मिळालं नाही ते वाईटच होतं, हे स्वतःला पटवत ती मोठी झाली. आणि दाराशी त्या जादूगारीण बहिणीचंच, लिलीचंच, पोर आलं, तिचेच हिरवे डोळे घेऊन. बहीण तर गेलेली; भांडणार कोणाशी?

रोआल्ड डालच्या गोष्टीतल्या माटिल्डाच्या आईबापांना मुलीची हुशारी दिसतच नाही. पेट्युनियाला दिसते. मला तेच जास्त भयंकर वाटतं.

कारण कळलं म्हणून छळ माफ होत नाही, हे तुझं म्हणणं मान्य. पोराचा काय दोष? पण मी अडकतो त्या पत्र लिहिणाऱ्या थोरल्या मुलीपाशी. लिलीचं कौतुक चाललं होतं तेव्हा तिच्याकडे कोणी पाहिलं का?

तुझं नाव यादीत आलं तेव्हा ताईनेच सगळ्यांना फोन केले. मग संध्याकाळभर कपाट आवरत बसली. तीच परीक्षा तिनेही दिली होती. मनू, ज्याला मिळालं त्यानेच आधी बोलावं, कारण दुसऱ्याला ते जड जातं, आणि अशी अढी वेळीच... झालं, भाषण सुरू. माफ कर.

तुला वाचता येत नव्हतं तेव्हा ताई ही पुस्तकं आवाज काढून वाचायची. पेट्युनियाचा आवाज तर असा काढायची की तू हसून लोळायचीस आणि ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणत तिला झोपू द्यायची नाहीस. आत्या तर म्हणायची, ही नाटकातच जाणार.

तुझा फार अभिमान वाटतो. घरात तो बोलून दाखवताना हल्ली जरा जपतो, एवढंच.

ताईची परवा मुलाखत आहे. सकाळी लवकर निघेल, त्यामुळे फोन उद्या रात्रीच कर. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझा,
बाबा