क्रॉस लावण्याआधी कुत्र्याचे हृदय तपासा

मा. संपादक,
स.न.

राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर, तर करवीर-शिरोळकडच्या मळ्यांवर राखणीला डोबरमन, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड. जातिवंत कुत्र्याची हौस कोल्हापूरला मोठी आहे. पिल्लू घेताना लोक केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर, आईबापांचे फोटो, लसीचे कार्ड बघतात. पण नराचे हृदय शेवटचे कधी तपासले, हे जवळजवळ कोणी विचारत नाही. पेपरांवरून वंश कळतो, हृदयाची अवस्था कळत नाही.

सर्वांत जास्त काळजी डोबरमनची. हृदयाचा स्नायू कमजोर होत जाऊन कप्पे फुगतात, याला डॉक्टर डीसीएम म्हणतात. युरोपातल्या डोबरमनवर 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आजार 58 टक्के कुत्र्यांत आढळला. तो अंगात असूनही वर्षानुवर्षे वरून काही कळत नाही. कुत्रा खातो, पळतो, भुंकतो आणि एके दिवशी उसाच्या बांधावर अचानक कोसळतो. मग कुणी विष घातले असेल, साप चावला असेल, असे धरून त्याला पुरले जाते. आजार बहुधा मध्यम वयात उघड होतो, आणि क्रॉसला नर दुसऱ्या वर्षापासूनच लावलेला असतो. तोवर त्याची पिल्ले गावोगावी गेलेली असतात.

‘ईसीजी काढला, नॉर्मल आहे’ यावर डोबरमनवाल्यांनी थांबू नये. कुत्र्याचे हृदय दिवसाला लाखाच्या वर ठोके देते, आणि पाच मिनिटांची पट्टी म्हणजे दिवसाचा 288वा भाग. त्यासाठी 24 तासांचे होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचे ईसीजीचे यंत्र लागते. छातीवरचे केस ठिकठिकाणी भादरून इलेक्ट्रोड चिकटवतात, वरून पट्टी आणि जाकीट घालतात. कुत्र्याला घरीच, रोजच्यासारखे फिरवायचे, आंघोळ घालायची नाही. फिरणे, झोप, जेवण यांच्या वेळा वहीत लिहून ठेवायच्या. 24 तासांत 300च्या वर अवेळी ठोके, म्हणजे व्हीपीसी, आले तर आजार आहे असे धरतात. 50 ते 300 आले तर वर्षाच्या आत पुन्हा होल्टर लावायचे, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तोही आजारच. यातली नेहमीची चूक म्हणजे माणसांच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट तसाच मानणे. श्वासाबरोबर कमीजास्त होणारी लय आणि झोपेतले थोडे लांब थांबे कुत्र्यात नैसर्गिक असतात, तर सुटलेली वायर यंत्राला व्हीपीसी वाटू शकते. म्हणून रिपोर्ट जाणकार पशुवैद्यकाने ठोका ठोका बघून दुरुस्त केलेला हवा. सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही करायची, कारण काही कुत्र्यांत आधी लय बिघडते, काहींत आधी कप्पा फुगतो. हे सगळे तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. पीडीके4 आणि टायटिन या जनुकांची चाचणी निर्दोष आली तरी आजार होऊ शकतो, त्यामुळे तिच्या भरवशावर होल्टर टाळू नये.

गोल्डन, रॉटवायलर आणि बॉक्सरमध्ये महाधमनीच्या झडपेखाली कडे तयार होऊन वाट अरुंद होते. हे कडे जन्मतः पूर्ण नसते, वाढीच्या महिन्यांत घट्ट होते. म्हणून आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या छातीत मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतची खरखर, ऐकू आली नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. उलट साधी मर्मर चार-पाच महिन्यांत आपोआप जातेही. क्रॉसचा निर्णय वर्ष उलटल्यावरच्या तपासणीवर घ्यावा. खोली शांत हवी, कुत्रा धापा टाकत नसावा, स्टेथोस्कोप डाव्या काखेत अगदी पुढे न्यावा. मर्मर असेल तर डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. रक्ताचा वेग सेकंदाला साधारण दोन मीटरपर्यंत ठीक. वेगाचा वर्ग गुणिले चार केले की दाबातला फरक (मिलिमीटर पाऱ्यात) मिळतो. 4.5 मीटरला तो 81 येतो, आणि 80च्या पुढे आजार तीव्र मानतात. लॅब्रॅडॉरमध्ये उजव्या बाजूची झडप सदोष असू शकते, तीही इकोतच दिसते.

शहरातल्या डॉग शोच्या आयोजकांना आमची कळकळीची विनंती आहे. शोच्या दिवशी प्राण्यांच्या हृदयाचा तज्ज्ञ आणि डॉपलर मशीन बोलवा, नाममात्र शुल्कात तपासणी ठेवा. दाखल्यावर मायक्रोचिपचा क्रमांक, तारीख आणि मोजमापे असावीत. नुसते ‘फिट’ लिहून चालणार नाही. ब्रीडरांनी शक्यतो सहा-सात वर्षांचा, अजून निर्दोष रिपोर्ट असलेला नर निवडावा.

आणि धडधाकट कुत्रा अचानक गेला तर पुरण्याची घाई नको. शव गार ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी शवविच्छेदन करून घ्या. हृदय दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासणीला द्यावे. निदान कळले की ब्रीडरला आणि त्याच वेतातली भावंडे ज्यांच्याकडे आहेत त्यांना फोन करा. त्या भावंडांचे होल्टर त्याच महिन्यात झाले पाहिजे.

– एक पशुवैद्यक वाचक, कोल्हापूर