गॅस गीझर न्हाणीघराबाहेरच हवा

माननीय संपादक महोदय,

थंडी सुरू झाली की बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या वाचाव्या लागतात आणि दोष बहुधा ‘गॅसगळती’वर ढकलला जातो. वास्तविक गळती झाल्यास इंधनात मिसळलेल्या उग्र दर्पामुळे ती कळते. परंतु अपुऱ्या प्राणवायूत ज्वलन झाल्यावर तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटत असल्याने डोके जड होऊन गरगरू लागेपर्यंत कडी काढण्याचे त्राणही उरत नाही.

आमच्या इमारतीत गीझर बसवणाऱ्या कारागिराने तो थेट शॉवरशेजारी लावला आणि ‘पंखा आहे की’ असे सांगून तो निघून गेला. मात्र दार-खिडकी बंद असताना हवा बाहेर फेकणारा पंखा धुराड्यातील धूर उलट आतही ओढू शकतो, हे त्याच्या गावीही नव्हते. गीझर बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टमध्ये बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणावी. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागल्यास वापर तत्काळ थांबवून बर्नर तपासून घ्यावा.

नव्या इमारतींच्या आराखड्यातच बिल्डरांनी गीझरसाठी बाहेर जागा ठेवावी आणि विक्रेत्यांनी जागा पाहिल्याशिवाय तो बसवून देऊ नये, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे