सामू सात आला म्हणून जागा शुद्ध होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विहिरीच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) सात आला म्हणून बंद कारखान्याची जागा 'प्रदूषणमुक्त' झाल्याची कालच्या अंकातली बातमी वाचून राहवले नाही. निदान सोबतचा फोटो तरी नीट पाहायला हवा होता. विहिरीचे पाणी बादलीने काढून प्लास्टिकच्या बाटलीत ओतताना दिसते आहे. अहो, त्या कारखान्यात वर्षानुवर्षे नायट्रोबेंझिन आणि मिथिलीन क्लोराइड ही सॉल्व्हंट (विरघळवणारी द्रव रसायने) वापरली गेली. नायट्रोबेंझिन पाण्याच्या १.२ पट जड, मिथिलीन क्लोराइड १.३ पट. जेवढे विरघळत नाही तेवढे तळाला बसते. टोल्युइनसारखे सॉल्व्हंट मात्र हलके, ते वर तरंगते. म्हणून वरचा नमुना वेगळा आणि तळाचा वेगळा घ्यावा लागतो. बाटली काचेची हवी, काठोकाठ भरलेली. झाकण लावून उलटी केली तरी आत बुडबुडा दिसता कामा नये. मग लगेच बर्फात. बादलीतून ओतताना मिथिलीन क्लोराइड, टोल्युइनसारखी सॉल्व्हंट हवेत उडून जातात आणि प्रयोगशाळेत पोचते ते बरेचसे नुसते पाणी. त्याचा सामू सात येणारच. सामू नायट्रोबेंझिनबद्दल काहीच सांगत नाही.

फूटभर माती खरवडून वर मुरूम पसरला, हीही सफाई नव्हे. जागा सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरची आहे. जांभ्याच्या फटींतून रसायन खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत उतरते आणि त्या थरावरून सरकत पायथ्याच्या झऱ्यांना, पऱ्याला (ओढ्याला) मिळते. तो थर लागेपर्यंत बोअर मारून माती तपासली पाहिजे. पाणी दोनदा तपासले पाहिजे: मृगाआधी, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच, कारण भूजल चढले की कोरड्या मातीत अडकलेले सुटते. तुमच्या बातमीतले नमुने फेब्रुवारीचे आहेत. ज्या जुन्या चिरेखाणीत कारखान्याचा गाळ ओतला जात होता, तिथे तर एकही बोअर नाही!

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात साठवलेला ३३७ टन कचरा हलवायला चाळीस वर्षे लागली, आणि त्यानेही तिथल्या भूजलाचा प्रश्न सुटलेला नाही. इथे तर खरवडलेली माती कुठे गेली हेच बातमीत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्याच्या प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याची नोंदपत्रे, लागते. ती कागदपत्रे तुमच्या वार्ताहराने मागायला हवी होती.

आणखी एक. या गाळाला दरवेळी 'मळी' लिहिता, ते कृपया थांबवा. मळी साखर कारखान्याची, ती शेतकरी खत म्हणून शेतात टाकतात. हा गाळ कुणी तसा उचलून नेला तर?

आपला,
एक नियमित वाचक, चिपळूण